बॉस नीट असेल तरच स्टीअरिंग नवं: जुन्या मारुतीसाठी ३५० मिमीच्या सेटचं परीक्षण

दुकानदार काउंटरवर ठेवतो ते स्टीअरिंगचं कडं. तीन आऱ्या, लाल दोऱ्याची शिवण, मधोमध हॉर्नचं बटण. गिऱ्हाईक तेच हातात घेऊन फिरवून बघतं, त्याचाच भाव करतं आणि कड्याला गाडीशी जोडणारं बॉस किट 'असू द्या सोबत' म्हणून पिशवीत टाकून घरी आणतं. गाडी वळवण्याचं काम मात्र पिशवीतल्या त्या मुठीएवढ्या तुकड्याचं असतं. कडं भिकार निघालं तर दोन उन्हाळ्यांत त्याची कातडी सोलते. बॉस भिकार निघाला तर घाटाच्या वळणावर स्टीअरिंग हातात फिरतं आणि चाकं जागची हलत नाहीत. म्हणून या परीक्षणात कड्यापेक्षा जास्त जागा बॉसला दिली आहे.

इथे तपासलेला सेट म्हणजे मारुती ८००, ऑम्नी आणि जिप्सीसाठी म्हणून विकलं जाणारं बिनब्रँडचं ३५० मिमी स्टीअरिंग आणि त्याचा बॉस. मुंबईत कुर्ला-कालिना भागातल्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत आणि ऑनलाइन, सगळीकडे साधारण हाच माल वेगवेगळ्या खोक्यांतून मिळतो. कडं दीड ते साडेतीन हजारांत पडतं, बॉस वेगळा. अस्सल इटालियन कडं हवं असेल तर हिशेब पंधरा-वीस हजारांच्या पुढे सुरू होतो. ज्या गाड्यांच्या स्टीअरिंगमध्ये एअरबॅग नाही, त्यांच्यापुरतंच हे सगळं लागू आहे. एअरबॅगवाल्या गाडीचं वेगळं आहे, ते शेवटी बघू.

आधी बॉस

बॉस म्हणजे शाफ्टच्या (स्टीअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) दात्यांवर बसणारा आणि दुसऱ्या तोंडाला सहा भोकं असलेला जोडतुकडा. स्वस्त बॉस जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, बरा बॉस ॲल्युमिनियमचा, आणि त्याहून बरा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोटात दात्यांपुरता पोलादी तुकडा दाबून बसवलेला. दुकानात उभ्याउभ्या ओळखायचं तर वजन आणि लोहचुंबक पुरे. जस्ताचा मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या अडीच पटींनी जड असतो, त्यामुळे 'जड म्हणजे मजबूत' हा आपला नेहमीचा समज इथे नेमका उलटा पडतो. ओतीव जस्त एकदम तडकतं, वाकून आधी इशारा देत नाही. चुंबक दात्यांपाशी चिकटला तर आत पोलाद आहे, तो बॉस घ्यायला हरकत नाही.

मग दाते बघा. मोबाइलची बॅटरी लावून आत डोकावलं की ओतीव बॉसच्या दात्यांच्या मुळाशी पातळ पापुद्रे दिसतात, साच्यातून बाहेर पडताना राहिलेले. काही जण ते कानसीने साफ करून वापरतात. करू नका. कानस एका दाताला जास्त लागते, दुसऱ्याला कमी, आणि मग सगळा भार चार-पाच दात्यांवर येतो.

विक्रेते एकच बॉस '८००, ऑम्नी, जिप्सी सगळ्यांना चालतो' म्हणून देतात. चालतो की नाही ते शाफ्ट ठरवतो. बऱ्याच गाड्यांत शाफ्टचे दाते टोकाकडे किंचित निमुळते असतात. बॉस हाताने बराचसा आत सरकला पाहिजे आणि शेवटचा थोडा भाग नट आवळल्यावर दाबून बसला पाहिजे. हाताने थेट तळापर्यंत गेला आणि डुगडुगला, तर तो या शाफ्टचा नाही. अर्ध्यातच अडकला, तरी नाही. खात्री करायला परमनंट मार्करने शाफ्टचे दाते रंगवा, बॉस बसवून नट हलका आवळा, पुन्हा काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली असेल तर बैठक बरोबर. एकाच बाजूची किंवा फक्त टोकाची शाई गेली असेल तर बॉस तिरका किंवा चुकीचा आहे, परत करा. ही चाचणी फारसं कोणी करत नाही. दहा मिनिटं लागतात.

आणखी एक फसगत दिसून येत नाही. बॉसचं बूड शाफ्टच्या पायरीला टेकतं, दाते मात्र अजून दाबून बसलेले नसतात. किंवा नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबतो आणि बॉसवर दाब येतच नाही. दोन्ही वेळा पाना सांगतो की नट घट्ट आहे, आणि स्टीअरिंग पुढेमागे हलतं. यावर वायसर घालून वेळ मारून नेण्याचा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. नटाखाली वायसर घातला की नटाला मिळणारे आटे कमी होतात, म्हणजे एक दोष झाकायला दुसरा तयार केला. नट पूर्ण बसल्यावर शाफ्टचे निदान एक-दोन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत.

आणि बॉसवर पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावायला आटे पाडलेली दोन भोकं आहेत का, ते पैसे देण्याआधी बघा. तपासलेल्या सेटसारख्या स्वस्त बॉसमध्ये ती बरेचदा नसतात. बसवताना काहीच अडत नाही. काढायची वेळ आली की मात्र छिन्नी-हातोडीशिवाय पर्याय उरत नाही.

सहा भोकांचं गणित

मोमो, स्पार्को, ओएमपी या कंपन्यांची कडी ७० मिमीच्या वर्तुळावर सहा स्क्रूंनी बसतात, नार्डीची ७४ मिमीच्या. बाजारातली बिनब्रँडची कडी बहुतेक ७० ची असतात, पण खोक्यावर काहीही लिहिलेलं असू शकतं. मोजणं सोपं आहे: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर ७० आलं पाहिजे, शेजारशेजारच्या दोन भोकांतलं ३५. नार्डीला हेच आकडे ७४ आणि ३७ येतात. बरेच बॉस बारा भोकांचे असतात, दोन्हीला चालणारे. तसा मिळाला तर तोच घ्या. ७० चं कडं ७४ च्या बॉसवर बसवायला भोकं कानसून लांबट करणं म्हणजे स्क्रूंच्या भरवशावर नव्हे, नुसत्या घर्षणावर गाडी चालवणं.

स्क्रू ५ मिमीचे, पसरट डोक्याचे, ३ मिमीच्या एलन कीचे. खोक्यातले स्क्रू मऊ असतात. दुसऱ्यांदा उघडताना त्यांचं षटकोनी भोक गोल होतं आणि ड्रिल मारून काढावे लागतात. हार्डवेअरच्या दुकानातून १२.९ छापाचे (कडक पोलादाचे) त्याच लांबीचे सहा स्क्रू घ्या. लांबी तीच हवी. जास्त लांब स्क्रू बॉसच्या मागे निघून हॉर्नच्या वायरीला टोचतो, आणि मग हॉर्न मध्यरात्री आपोआप वाजू लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा दोष फार लोकप्रिय करून जात नाही.

कडं आणि त्याचा आकार

तपासलेल्या कड्याचा दर्शनी भाग बरा आहे. हातात भरतं, शिवण सरळ आहे. मागून मात्र आऱ्यांचा पत्रा पातळ आणि कडेला धारदार. परीक्षा सोपी: घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून आऱ्यांच्या पातळीतून पुढे ढकला, मग मागे ओढा. किंचित लवचीकपणा चालेल. 'कट' असा आवाज आला तर आतलं वेल्डिंग सुटतंय. कातडी म्हणून जे आहे ते कृत्रिम आहे, अस्सल चामडं नव्हे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात लावलेल्या गाडीत त्याचे पापुद्रे निघायला वेळ लागत नाही. कोकणात उलटं होतं, दमटपणाने ते चिकट होतं. सावलीचं पार्किंग असेल तरच या कातडीकडून चार वर्षांची अपेक्षा ठेवा.

स्वस्तातली कडी नामांकित कंपन्यांच्या शिक्क्यांसह सर्रास विकली जातात. मोमोच्या अस्सल रस्त्यावरच्या कड्यांवर मागे आरीवर जर्मन मान्यतेचा केबीए क्रमांक ठोकलेला असतो. नक्कल करणारे तोही छापतात, पण बहुधा छापतात, ठोकत नाहीत. नखाने खरवडून बघा. अडीच हजारांत अस्सल मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता आकार. मूळ स्टीअरिंग मोजा. ते ३८० मिमी असेल तर ३५० चं लावल्यावर हाताला जवळपास नऊ टक्के जास्त जोर लागेल. ३२० चं लावलं तर एकोणीस टक्के. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत हा फरक चालत्या गाडीत कळतही नाही, पण उभ्या गाडीत, पार्किंग करताना खांद्याला कळतो. ऑम्नीत तो आणखी जाणवतो. तिथे चालक पुढच्या चाकावर बसल्यासारखा बसतो आणि स्टीअरिंग बसच्या स्टीअरिंगसारखं आडवं असतं, त्यामुळे दंडाऐवजी मनगटाने ओढावं लागतं. ऑम्नीला ३५० च्या खाली जाऊ नये. खोलगट कडंही टाळावं. बाजारात आऱ्यांची खोली सपाटपासून ९० मिमीपर्यंत मिळते. ऑम्नीत ९० ची खोली थेट पोटात येते. जिप्सीला मात्र थोडं खोलगट कडं सोयीचं पडतं, हात ताणावा लागत नाही. बॉसची स्वतःची उंची यात मिळवायला विसरू नका: ५० मिमीची खोली आणि ८० मिमीचा बॉस मिळून स्टीअरिंग मूळ जागेपेक्षा बरंच पुढे येतं.

विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचं ३५० मिमीचं गोल कडं कापा, मधून हात घालून मूळ स्टीअरिंगच्या जागी धरा आणि आपल्या नेहमीच्या बैठकीतून मीटर बघा. कड्याची वरची कड वेगाच्या काट्यावर किंवा इंडिकेटरच्या दिव्यावर येत असेल तर सेट परत ठेवा. सीट वरखाली होत नसलेल्या गाडीत याला दुसरा उपाय नाही.

बसवणं

पहिल्यांदा करणाऱ्याने दोन तास धरावेत. १० चा पाना, १७ आणि १९ च्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेंशन, पुलर, एलन की, मल्टिमीटर, मार्कर, निळं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) एवढं जवळ असलं की झालं. पुलर विकत घ्यायची गरज नाही, गॅरेजवाला डिपॉझिट घेऊन देतो.

गाडी सपाट जागी सरळ चालवत आणून उभी करा, चाकं सरळ. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. हॉर्नचा पॅड काढा. तो कुठे ओढून निघतो, कुठे मागून स्क्रू असतात. जबरदस्तीने ओढण्याआधी आरशाने मागे बघा. आत हॉर्नची एक वायर दिसेल, तिचा टर्मिनल सोडवा.

नट सैल करताना स्टीअरिंग लॉक लावून त्याच्या आधाराने जोर देऊ नका. लॉकची खिट्टी त्या जोरासाठी बनवलेली नाही. ती तुटली की चावीचा सगळा संच बदलावा लागतो. दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरावं. नट सैल झाला की तो पूर्ण काढू नका, चार-पाच आट्यांवर राहू द्या. निमुळते दाते सुटतात तेव्हा स्टीअरिंग एकदम उसळून येतं आणि समोर नेमकं तोंड असतं. शाफ्टच्या टोकावर आणि स्टीअरिंगच्या हबवर मार्करने एका रेषेत खूण करा, मगच पुलर लावा.

हातोडी कुठेही वापरायची नाही, शाफ्टच्या टोकावर तर अजिबात नाही. धडकेत आत दबणारा स्टीअरिंग कॉलम असलेल्या गाड्यांत शाफ्ट प्लास्टिकच्या बारीक खिळ्यांवर जोडलेला असतो. धडकेत ते तुटावेत आणि शाफ्ट आत सरकावा म्हणून ते असतात. हातोडीच्या दोन घावांनीही तुटतात, आणि मग शाफ्ट कायमचा ढिला राहतो. दाते गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

स्टीअरिंग निघालं की इंडिकेटर परत आणणारी प्लास्टिकची कडी दिसेल. मूळ हबच्या मागे तिच्यात अडकणारे दोन उंचवटे असतात. नव्या बॉसच्या मागेही तसे उंचवटे किंवा पिना हव्यात, आणि त्या कडीच्या खाचांत बरोबर बसल्या पाहिजेत. इथे घाई नडते. पिना खाचेत नसताना नट आवळला तर कडी फुटते, आणि इंडिकेटरचा पूर्ण कॉम्बिनेशन स्विच बदलावा लागतो. खाचेत आहेत पण एकाच बाजूने अडकतात, तर डावा इंडिकेटर बंद होतो आणि उजवा तसाच चालू राहतो. बॉस हाताने बसवून, नट न लावता, इंडिकेटर दोन्ही बाजूंना लावून बघा. दोन्हीकडून परत आला तरच पुढे जा.

चाकं सरळ असताना बॉसवरची वरची खूण बरोबर बारावर यायला हवी. शाफ्टला ३६ दाते असतील तर एक दात चुकणं म्हणजे १० अंश, डोळ्याला लगेच दिसणारी चूक. पण त्याहून कमी फरक, समजा चार-पाच अंश, दात बदलून जात नाही. तो टाय रॉडने (चाकं वळवणाऱ्या दोन बाजूंच्या दांड्यांनी) काढायचा, एका बाजूला जितका लांब तितकाच दुसऱ्या बाजूला आखूड, आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यायची. कड्याची सहा भोकं ६० अंशांवर असल्यामुळे कडं फिरवून बारीक फरक दुरुस्त होईल अशी आशा ठेवू नये.

नट गाडीचा मूळचाच वापरा, बॉसबरोबर आलेला नव्हे. पहिले आटे हातानेच लावा. सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलांत स्टीअरिंगच्या नटासाठी ३३ न्यूटन-मीटर दिलेले आढळतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण. टॉर्क पाना नसेल तर सामान तोलायचा लटकता काटा चालतो. पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर ३० सेंमीवर खूण करा, तिथे काट्याचा हूक अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. ३३ न्यूटन-मीटरसाठी काटा ११ किलोच्या जरा पुढे जाईपर्यंत. 'दमदार आवळलं' या मापापेक्षा हे कितीतरी बरं. जास्त आवळणं इथे कमी आवळण्याइतकंच वाईट. जस्ताचा बॉस जास्त दाबाखाली हळूहळू दबत जातो आणि नट आपोआप सैल पडतो.

बॉस आणि कॉलमच्या प्लास्टिक कव्हरमध्ये दोन ते चार मिमी फट हवी. घासत असेल तर कव्हरचे स्क्रू सैल करून ते जरा मागे बसवा. बॉसच्या दात्यांखाली काहीही घालू नका.

मग कडं. सहाही स्क्रू हाताने लावून, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. प्रत्येकावर थ्रेडलॉकरचा एक थेंब. एलन कीची लांब बाजू स्क्रूत आणि आखूड बाजू बोटांत धरली की ॲल्युमिनियमचे आटे उपटण्याइतका जोर लागतच नाही.

हॉर्न

बसवणाऱ्यांपैकी निम्मे इथे अडकतात. जपानी घराण्याच्या बहुतेक गाड्यांत हॉर्नचं बटण प्लस देत नाही, अर्थ (बॉडीचा निगेटिव्ह) देतं. एक वायर पितळी कडीवरून सरकत्या संपर्काने वर येते. बटण दाबलं की ती अर्थला लागते आणि हॉर्न वाजतो. नव्या बटणाला दोन टर्मिनल असतात. एक वर आलेल्या वायरीला, दुसरं बॉसच्या एखाद्या स्क्रूखाली. दोन्ही वायरी बॉसच्या आत गुंडाळून ठेवा, कड्याच्या आणि बॉसच्या तोंडात चिमटल्या तर हॉर्न सतत वाजतो.

वाजतच नसेल तर मल्टिमीटरने बॉस आणि बॉडी यांच्यात जोड बघा. शून्याच्या आसपास ओहम आले पाहिजेत. शाफ्टमध्ये रबर कपलिंग असलेल्या गाड्यांत विजेचा रस्ता रबरापाशी तुटतो. तिथे कारखान्यातून एक छोटी अर्थ पट्टी येते आणि जुन्या गाडीत ती सापडली तर नशीब. दीड मिमीची तार दोन टर्मिनलांनी कपलिंगच्या दोन्ही बाजूंना जोडली की काम होतं. फिरवताना कधी वाजतो, कधी नाही, असं असेल तर पितळी कडी हिरवी पडली आहे किंवा बॉसचा संपर्क तिच्यापर्यंत पोचत नाही. पॉलिश पेपरने कडी चमकवा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. तपासलेल्या सेटमधला संपर्काचा चिमटा इतका मऊ होता की तो हाताने वाकवून पुढे आणावा लागतो. खोक्यातलं बटण थोड्याच दिवसांत आत अडकू लागतं. ते जरा दमदार घेतलेलं बरं.

रस्त्यावर आणण्याआधी

मोकळ्या मैदानात गाडी उभी असताना डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. घासल्याचा, टिकटिकल्याचा आवाज नको. मग वीसच्या वेगाने सरळ, वळण, ब्रेक. स्टीअरिंग हातातून सोडल्यासारखं सैल धरलं की पूर्वीप्रमाणे स्वतः सरळ येतंय का ते बघा. येत नसेल तर बॉस कव्हरला घासतोय. शंभर किलोमीटरनंतर हॉर्नचं बटण काढून नट पुन्हा त्याच जोराने तपासा. तो जरासा जरी फिरला, तरी मार्करची चाचणी पुन्हा करा. दुसऱ्यांदाही फिरला तर बॉस बदला. थ्रेडलॉकर ओतून तो प्रश्न सुटत नाही.

झटक्यात निघणारे क्विक रिलीज जोड याच दुकानांत 'चोरीपासून बचाव' म्हणून गळ्यात मारले जातात. स्वस्त जोडात गोळ्यांची खोबण झिजते आणि स्टीअरिंगमध्ये ढिलाई येते. रोजच्या गाडीला तो नको.

मूळ स्टीअरिंग, त्याचा नट आणि हॉर्नचा पॅड कापडात गुंडाळून घरी ठेवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून आरटीओत गाडी दाखवावी लागते. शेवटची मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनली, म्हणजे या तपासणीतून तिच्या मालकांपैकी बहुतेक सगळे गेलेत किंवा लवकरच जातील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलण्यावर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं आहे. तपासणीच्या दिवशी मूळ स्टीअरिंग लावायला पाऊण तास लागतो. हुज्जतीला दिवस जातो. विमा कंपनीला बदल लेखी कळवणंही शहाणपणाचं.

एअरबॅग असेल तर

हा सेट घेऊ नका. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती आहे. बॉस लावायचा तर एअरबॅग काढावी लागते. मग डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो, आणि तो विझवायला दुकानात दोन-तीन ओहमचा रेझिस्टर मिळतो. दिवा विझतो, कारण संगणकाला वाटतं बॅग जागेवर आहे. ती नसते.

अशा गाडीत चांगलं स्टीअरिंग हवं असेल तर त्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या वरच्या व्हेरियंटचं कंपनीचं मूळ स्टीअरिंग घ्या. भंगारातून घेतलंत तर फक्त कडं घ्या आणि आपल्या गाडीची एअरबॅग त्यावर बसते का ते जुळवून बघा. चोर बाजारात मिळणारी एअरबॅग फुटलेली असून वरचं कव्हर तेवढं नवं असू शकतं. बाहेरून कळत नाही.

बॅटरीची तार काढल्यावर सुझुकीच्या मॅन्युअलांत निदान ९० सेकंद, होंडाच्या मॅन्युअलांत तीन मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं. दहा मिनिटं थांबा. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सोडवून बॅग दर्शनी बाजू वर ठेवून टेबलावर ठेवा, पालथी नाही, आणि तिच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावू नका.

खरी अडचण खालच्या कॉन्टॅक्ट कॉइलची, म्हणजे स्टीअरिंग फिरतानाही एअरबॅग, हॉर्न आणि बटणांची जोडणी टिकवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीची. बेस व्हेरियंटच्या कॉइलमध्ये ऑडिओच्या बटणांसाठी वायरीच नसतात, त्यामुळे बटणवालं स्टीअरिंग लावूनही बटणं मुकी राहतात. वरच्या व्हेरियंटची कॉइल घ्यावी लागते, आणि कॉलमपासून स्टीरिओपर्यंत वायरिंग आहे का ते बघावं लागतं. बाहेरून घेतलेल्या अँड्रॉइड स्टीरिओला 'की १', 'की २' नावाच्या वायरी येतात, बटणांचा वेगवेगळा रोध वाचून त्या शिकतात. कॉइल बसवण्याआधी तिचा मध्य काढा: चाकं सरळ ठेवून ती हलक्या हाताने डावीकडे थांबेपर्यंत फिरवा, मग उजवीकडे साधारण अडीच फेरे, खुणा जुळेपर्यंत. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणाला आतली पट्टी तुटते, हॉर्न जातो, एअरबॅगचा दिवा लागतो, आणि कॉइल कड्यापेक्षा महाग असते.

ज्यांचं कडं फक्त चिकट किंवा उघडं पडलंय, आकार आणि हॉर्न ठीक आहे, त्यांनी वरच्या भानगडीत पडूच नये. सुईदोऱ्याने शिवायचं अस्सल चामड्याचं कव्हर हजार-दीड हजारांत येतं, बसवायला एक दुपार लागते आणि बॉसला हात लावावा लागत नाही. सरकवून घालायचं तयार कव्हर मात्र नको. तळवा घामेजला की ते कड्यावर फिरतं.